वाढलेली सुई

“शके, सुई वाढलीय गं. बघ नीट, मगच दे.”

पायात चपला सरकवता सरकवता द्वारकाकाकू एवढंच बोलल्या आणि पिशवी काखेत मारून निघाल्यासुद्धा. तासाभरावरच्या अकोले गावातल्या बहिणीला घेरी आल्याचा निरोप घेऊन माणूस दारात उभा होता आणि अकराची एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती. मी मान वर केली नाही. माझी उजव्या हाताची पाची बोटं परातीत होती आणि डाव्या हातात पाकाचा चमचा. काटेरी हलवा करताना मान वर करायची सोयच नसते. चमचाभर पाक सोडायचा, लगेच बोटांनी तीळ फिरवत राहायचं. खालून शेगडीची धग, वरून गरम पाक. जरा लक्ष चुकलं की दाणे एकमेकांना चिकटून त्याचा दगड होतो, आणि चार दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून मी नुसतं “हो हो, बघते” म्हटलं.

हे एकोणऐंशी सालच्या जानेवारीतलं, संगमनेरचं. मी अठरा वर्षांची. दहावीला गणितात दुसऱ्यांदा आपटल्यावर आईनं मला काकूंकडे धाडलं होतं. “आकडे नाही जमत तर निदान बोटं तरी चालव,” म्हणाली. बोटं चालली माझी, उगीच कशाला खोटं बोलू? दुसऱ्याच हंगामात माझ्या हलव्याला काकूंच्या हलव्याइतका काटा यायला लागला होता.

संक्रांत ते रथसप्तमी हा काकूंचा हंगाम. गावातल्या निम्म्या बोरन्हाणांचे दागिने त्यांच्या दोन खोल्यांतून जायचे. लेकराला काळं झबलं घालायचं, अंगभर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओतायच्या, आणि आळीतल्या पोरांनी त्या लुटायच्या. शेवटी दागिनेही पोरांच्याच पोटात जायचे. म्हणून काकू गोंदाला हात लावायच्या नाहीत. “खायच्या वस्तूला गोंद कसला लावतेस?” पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर काळं कापड, आणि दोऱ्यात गुंफलेला हलवा सुईनं त्यावर टाचायचा. लाल उशीत खोचलेल्या पाच सुया. सकाळी मोजून पाच, संध्याकाळी मोजून पाच. एक जरी कमी भरली तरी काकू जेवायच्या नाहीत.

आणि दुसरा नियम तोंडाचा. काकूंच्या घरात अभद्र शब्दाला बंदी होती. तिथं शेगडी विझायची नाही, ‘शांत’ व्हायची. साखरेचा डबा रिकामा व्हायचा नाही, ‘भरायला’ व्हायचा. एकदा दूध नासलं तर म्हणाल्या, “आज पनीर झालं आपल्याकडे.” मी हसून हसून लोळले.

“काकू, मग मी नापास झाले त्याला काय म्हणायचं?”

“पुढल्या वर्षी पास व्हायची आहेस, असं म्हणायचं,” त्या एकही टाका न चुकवता बोलल्या. “लेकरांचं काम आहे हे, शके. जीभ सांभाळावी.”

दागिने मात्र त्या स्वतः कुणाच्या घरी घेऊन गेल्या नाहीत कधी. एकाही बोरन्हाणाला गेल्या नाहीत. का, हे मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, थकत असतील.

तर त्या दिवशी, हलव्याला तेवढा पाक देऊन झाल्यावर, मी हात धुतले आणि लाल उशी पुढ्यात घेतली. सुई वाढलीय म्हणजे जास्तीची आलीय. आदल्या दिवशी समोरच्या गंगूताई झबलं शिवत आमच्यात बसल्या होत्या, त्यांची एखादी खोचली गेली असणार. मी नेढ्यावरून बोट फिरवत मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच! पुन्हा मोजल्या. पाच.

“काकू, तुमचंही गणित चुकायला लागलं आता,” मी एकटीच मोठ्यानं बोलले आणि दागिने टोपलीत भरायला लागले.

दागिने कुलथ्यांच्या नातीचे होते. सोनाराचं घर, पेढीवर तोळ्यातोळ्यानं सोनं, पण आज नातीच्या अंगावर माल आमचा, म्हणून मी मनातल्या मनात मिरवून घेतलं. नऊ वर्षांनी त्यांच्या सुनेचा, कुसुमवहिनीचा पाळणा हलला होता. मंजिरी दहा महिन्यांची होती. मुकुट, हार, कंबरपट्टा, दोन बांगड्या. मुकुट आणि बांगड्या काकूंच्या हातच्या, बाकी माझं. बांगडीच्या मधोमध काकूंनी गुलाबी हलव्याचं एकेक फूल बसवलं होतं. शिवाय येणाऱ्या पोरांसाठी मी रेवड्यांच्या तीस पुड्या बांधल्या होत्या, रंगीत कागदाच्या. दोनच्या सुमारास त्यांची कामवाली हौसाबाई आली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

चार वाजता मी आवरायला बसले. उद्यासाठी सुया ओवून ठेवाव्यात म्हणून उशीतून एकेक उपसू लागले. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी ओढली ती फारच पटकन हातात आली. नेढं होतं, नेढ्यात वीतभर काळा दोरा होता, आणि खाली काही नव्हतं. अर्धीच सुई.

मी ती उलटीसुलटी करून बघितली. मग काकूंचा आवाज डोक्यात पुन्हा वाजला. सुई वाढलीय गं. बघ नीट, मगच दे.

बांगडी पिचली तर आपण काय म्हणतो? बांगडी वाढली. करंडा कलंडला तर? कुंकू वाढलं. अगं बये! त्या मला सांगत होत्या की सुई मोडलीय, टोक शोध, आणि मगच दागिने दे. आणि मी सुया मोजत बसले होते!

मी जाजमावर रांगत सुटले. तळहातानं इंच इंच चाचपलं, जाजम दारात नेऊन झटकलं, फरशीच्या फटी बघितल्या, केराच्या सुपलीतलं सगळं उपसलं. टोक टोचावं म्हणून मी देवाची विनवणी करत होते. माझ्या हातात घुसू दे, पायात घुसू दे, पण इथं सापडू दे. नाही सापडलं. सकाळी तो माणूस दारात येऊन “तुमच्या बहिणीला...” म्हणाला तेव्हा काकू दचकल्या होत्या, आणि तेव्हा त्यांच्या हातात काय होतं ते मला आठवेना. मुकुट होता की बांगडी? काही असो. ते आता त्या पोरीच्या अंगावर होतं.

आणि दात येणारं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं.

घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बोरन्हाण साडेचारला. अर्धी सुई मुठीत धरून मी दार नुसतं ओढून घेतलं आणि पळाले. आपल्याकडे कुठलं कार्य वेळेवर सुरू होतं, असं स्वतःला बजावत होते. पण कुलथ्यांचं घर तराजूवाल्यांचं, तिथं सगळं काट्यावर. बाजारपेठेच्या तोंडाशी चपलेचा अंगठा तुटला. ती तिथंच टाकली आणि दुसरीही टाकली. उसाच्या गाडीनं रस्ता अडवला होता, बैलांच्या पुढून गेले तर गाडीवान ओरडला, “मरायचंय का गं?” मला त्या शब्दाचीसुद्धा भीती वाटली. कुलथ्यांच्या आळीत वळले आणि पाय आपोआप थांबले. सांगायचं काय? काकूंचं नाव जाईल. तीस वर्षांचा हात त्यांचा, आणि मी सगळ्या बायकांसमोर जाऊन तो मातीत घालायचा? गुपचूप आत शिरावं, कौतुकाच्या मिषानं पोरीला उचलावं, दागिने चाचपावेत. असं ठरवलं आणि आत गेले. भ्याले होते मी, दुसरं काय.

सोप्यात तीस-चाळीस बायकापोरं होती. बोरन्हाण सुरू झालं होतं. कुलथेआजी चांदीच्या वाटीनं पोरीच्या डोक्यावर चुरमुरे-बोरं सोडत होत्या, पोरं पाटाभोवती तुटून पडली होती. मंजिरी मधोमध बसली होती, काळ्या झबल्यात, मुकुट एका कानावर कललेला. हसत होती. डाव्या हातातली बांगडी तिच्या तोंडात होती आणि हनुवटीवरून साखरेची लाळ गळत होती.

पाटापर्यंत जायला वाटच नव्हती.

“ये गं, द्वारकाबाईंची ना तू?” आजींनी मला बघितलं. “बघ, कशी राधेसारखी दिसतेय आमची मंजिरी! आणि हे काय, अनवाणी?”

“आजी,” मी म्हटलं, आणि काय सांगू, माझ्याही तोंडून तोच शब्द आला. दोन हंगाम त्या घरात काढले होते मी. “आजी, सुई वाढलीय.”

“वाढलीय तर राहू दे की तुझ्याकडे!” आजी म्हणाल्या. “एका सुईसाठी एवढी धावत आलीस?”

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, “घ्या, सोनाराकडे सुई परत करायला आली!” पुन्हा हसल्या. आजींनी वाटी पुन्हा भरली. मंजिरीनं बांगडी तोंडातून काढली, तिच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा तोंडात घातली.

“मोडली!” मी किंचाळले. “सुई मोडलीय! टोक दागिन्यात आहे! काढा, तिच्या तोंडातलं काढा!”

पाटाभोवतीची पोरं बोरं हातात धरून थिजली. आजींच्या हातातली वाटी तिरपी झाली आणि चुरमुरे सांडत राहिले.

“जीभ झडो तुझी!” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांनी लेकरू पाटावर बसलंय माझं, आणि त्याच्यासमोर मोडली म्हणतेस?”

कुसुमवहिनीनं मात्र झेप घेतली, पोरीला पाटावरून उचललं, बांगडी तोंडातून ओढली आणि तिच्या तोंडात बोट घातलं. मंजिरीनं टाहो फोडला. उघड्या तोंडात, ओठाच्या आत, लाल दिसलं.

“रक्त!” कुणीतरी ओरडलं.

मी खालीच बसले. वहिनीनं पदरानं ओठ पुसला, पुन्हा पुसला, उजेडात नेऊन हिरड्या बघितल्या, जिभेखाली बघितलं. मग भिंतीला टेकून म्हणाली, “गुलाबी हलव्याचा रंग आहे. जखम नाही.” आणि माझ्याकडे बघून, “कशात आहे? लवकर सांग.”

“ठाऊक नाही.”

“मग शोध!”

मी मुकुट घेतला. काळं कापड दातानं फाडलं. हलव्याचे दाणे सोप्यात उडाले आणि सवयीनं दोन पोरं झडप घालायला धावली. “हात लावू नका! कुणी उचलू नका!” मी ओरडले. बायकांनी आपापली पोरं ओढून धरली. पुठ्ठ्याचे तुकडे केले, एकेक पदर सोलला. मुकुटात काही नव्हतं. उजवी बांगडी सोलली. काही नव्हतं. माझ्या मनात आलं, गिळलं असेल तर? कुणी विचारलं नाही, पण सगळ्या तेच विचार करत असणार, कारण सगळ्या पोरीच्या पोटाकडे बघत होत्या.

डावी बांगडी ओली होती. तिच्यावरचा निम्मा हलवा चोखून विरघळला होता आणि कापड चिकट झालं होतं. मी अंगठा दाबत दाबत फिरवला. गुलाबी फुलाच्या जागी पोचले तेव्हा कच्चकन टोचलं. मी हात मागे घेतला नाही. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला, त्याच्याखाली बारीक काहीतरी चमकलं. नखाएवढं टोक. कापड आणि पुठ्ठा यांच्यात अडकून अणी बाहेरच्या बाजूला आली होती, आणि तिच्यावर आता फुलाचा एकच दाणा उरला होता.

मी ते तळहातावर घेऊन आजींपुढे धरलं. आजींनी चष्मा वर केला, बघितलं, आणि पाटावर, पोरीच्या जागेवरच, मटकन बसल्या.

“ओरडली नसती तर, सासूबाई?” कुसुमवहिनी म्हणाली. ती रडत होती.

आजी हौसाबाईला म्हणाल्या, “मीठमोहऱ्या आण. आधी पोरीची दृष्ट काढ.” आणि माझ्याकडे न बघता, “मग हिचीही काढ. आणि अंगठ्याला हळद लावा तिच्या.”

बोरन्हाण पुढे झालं. दागिने नव्हते, नुसतं काळं झबलं होतं, आणि मंजिरी पाचव्या मिनिटाला पुन्हा हसायला लागली. मी थांबले नाही. अनवाणीच परत आले आणि काकूंच्या खोलीत दिवा न लावता बसून राहिले. मगाशी पोरीसाठी भ्याले होते, आता काकूंसाठी भीत होते.

त्या सहाला आल्या. “बहीण बरी आहे गं, पित्त झालं होतं नुसतं,” म्हणत पिशवी ठेवली, आणि माझं तोंड बघून थांबल्या. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर हळदीनं माखलेली मूठ उघडली. त्यात दोन्ही तुकडे होते.

“मी सांगून गेले होते तुला,” काकू म्हणाल्या.

“वाढली म्हणालात.”

“मग?”

“वाढली म्हणजे जास्तीची आली, असं वाटलं मला. पाच भरल्या म्हणून दिली टोपली.”

काकूंनी माझ्या हातातले तुकडे घेतले आणि आपल्या तळहातावर एकमेकांना लावून बघितले. बरोबर जुळले. त्या तशाच बघत राहिल्या. मला वाटलं, आता मला घालवून देतील.

“यमू होती माझी,” त्या म्हणाल्या. “अकरा महिन्यांची. तिच्या बोरन्हाणाला मी पहिल्यांदा दागिने केले. पाटावर बसवताना तिच्या हातातली बांगडी तुटली, आणि मी बोलून गेले, अगबाई, तुटली! सासूबाईंनी तिथंच कपाळाला हात लावला. आणि आठव्या दिवशी यमू...”

त्या थांबल्या. मी वाट बघत होते. देवाघरी, म्हणतील, झोपली, म्हणतील, त्यांच्याकडे असे शब्द पुष्कळ होते.

“मेली,” काकू म्हणाल्या.

दोन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द मी त्या घरात ऐकला.

“डांग्या खोकला होता तिला. बोरन्हाणाच्या आधीपासून. रात्ररात्र ढास लागायची, मला ठाऊक होतं. खोकल्यानं मेली गं माझी पोर. आणि मी मात्र तेव्हापासून त्या एका शब्दाला भीत बसले, आणि आज दुसऱ्याचं लेकरू...” मी उठून त्यांचा हात धरला. हलव्यानं जन्मभर भाजलेली त्यांची बोटं थंडगार होती.

अंधार पडला. समोर गंगूताईंकडे कंदील लागला. कानवड्यांच्या नातवाची ऑर्डर परवावर आली होती आणि परातीत दोन दिवसांचा अर्धा झालेला हलवा तसाच पडला होता. काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला, परातीपाशी सरकल्या आणि तिच्याखाली हात धरून बघितला.

“शके,” त्या म्हणाल्या, “शेगडी विझलीय. पेटव.”